खाष्ट सासूच्या मुखवट्यामागे : ललिता पवार आणि हिंदी चित्रपटातील चरित्रभूमिका

चित्रपटाचा इतिहास बहुधा नायक-नायिकांच्या नावांनी लिहिला जातो. मात्र कोणताही चित्रपट पडद्यावर खरा वाटतो तो नायकाच्या आई, काकू, घरमालकीण, मुनीम, हवालदार अशा माणसांमुळे, आणि हे भान जगातील सर्वच चित्रपटसृष्टींना थोडे उशिराच आले. या माणसांच्या भूमिकांना आपल्याकडे ‘चरित्रभूमिका’ म्हणतात. म्हणजे अशा भूमिका, ज्यांत नटाचे रूप किंवा तारुण्य गौण असते आणि पात्राचे वय, स्वभाव, बोलीची ढब व सामाजिक स्थान यांना पहिले स्थान असते. अमेरिकेत १९३० नंतरच्या दोन दशकांत हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या नटांना वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधून ठेवत, तेव्हा अशा नटांची एक मोठी फळीच त्यांच्या पदरी असे. त्यांच्या कामाची औपचारिक दखल मात्र १९३६ सालच्या चित्रपटांपासूनच घेतली जाऊ लागली. त्या वर्षी ऑस्कर पुरस्कारांत साहाय्यक अभिनेता व अभिनेत्री असे दोन नवे विभाग सुरू झाले आणि वॉल्टर ब्रेनन व गेल सोंडरगार्ड हे त्यांचे पहिले मानकरी ठरले. ब्रेननने पुढील पाच वर्षांत हा पुरस्कार आणखी दोनदा मिळवला, तर थेल्मा रिटरसारख्या असामान्य अभिनेत्रीला सहा वेळा नामांकन मिळूनही तो एकदाही लाभला नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीत या प्रकारच्या अभिनयाचा पाया घालणाऱ्यांत मराठी नट-नट्यांचा वाटा फार मोठा आहे. ‘अयोध्येचा राजा’ची नायिका म्हणून १९३२ मध्ये गाजलेल्या दुर्गा खोटे पुढे ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ची सुशिक्षित नायिका लीला चिटणीस ‘शहीद’पासून नायकांची सोशिक आई बनल्या. नाना पळशीकरांनी गरीब, पिचलेल्या माणसाला आपला चेहरा दिला, तर मराठीभाषक बेने इस्रायल समाजात जन्मलेल्या डेव्हिड अब्राहम यांनी ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचाच्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. या साऱ्यांमध्ये ललिता पवार यांची कारकीर्द सर्वांत दीर्घ आहे आणि सर्वांत गैरसमजाचीही आहे. त्यांचे नाव घेताच डोळ्यांपुढे येते ती खाष्ट सासू. परंतु त्यांनी निभावलेल्या भूमिका बारकाईने पाहिल्या, तर हे चित्र त्यांच्या अभिनयाचा एक तुकडाच दाखवते, आणि तो तुकडाही बराचसा परिस्थितीने त्यांच्यावर लादलेला होता, असे म्हणावे लागते.

ललिता पवार यांचे मूळ नाव अंबिका लक्ष्मणराव सगुण. १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यात, रेशमी वस्त्रांच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या येवला येथे, कापडाचा व्यापार करणाऱ्या सुखवस्तू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्यात नानासाहेब सरपोतदार त्या काळी मूकपट काढत होते, आणि १९२८ च्या सुमारास या मुलीचा बालकलाकार म्हणून पडद्यावर प्रवेश झाला. मूकपटांच्या त्या काळात कुलीन घरांतील स्त्रिया चित्रपटात येण्यास कचरत, त्यामुळे थोडेफार धैर्य आणि चपळ शरीर असलेल्या मुलीला लवकरच मोठ्या भूमिका मिळत. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटात अभिनयाबरोबरच त्या सहनिर्मात्याही होत्या, तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांच्या आसपास होते. जी. पी. पवार यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ललिता पवार झाल्या आणि तलवारबाजी, घोडदौड व मारामारी यांनी भरलेल्या, ज्यांना तेव्हा ‘स्टंटपट’ म्हणत, अशा चित्रपटांच्या नायिका म्हणून लोकप्रिय झाल्या. ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) या बोलपटाने त्यांचे गाणे आणि त्यांचा धीटपणा हे दोन्ही प्रेक्षकांपुढे आणले. तीनच वर्षांनी त्यांनी ‘दुनिया क्या है’ या चित्रपटाची निर्मिती केली. तो टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवर आधारलेला होता. विशीच्या आत-बाहेरच्या एका मराठी नटीने टॉलस्टॉयला हिंदी पडद्यावर आणण्याचे धाडस करावे, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासकारांनी आजवर दिले आहे त्याहून कितीतरी अधिक लक्ष देण्याजोगी आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि मास्टर विनायकांच्या ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटांनी त्यांना मराठी पडद्यावरही वजनदार स्थान दिले होते.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात सहकलाकार भगवान पालव, म्हणजे पुढे ‘अलबेला’ने अजरामर झालेले मास्टर भगवान, यांना ललिताबाईंच्या श्रीमुखात द्यायची होती. थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली. त्यातून चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगासारखा लकवा आला आणि डाव्या डोळ्यालाही गंभीर इजा झाली. दीर्घकाळ उपचार चालले, चेहरा बऱ्याच अंशी सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या वेळी त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. नायिकेचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आणि निर्दोष असलाच पाहिजे, हा चित्रपटाच्या बाजाराचा अलिखित कायदा होता आणि आजही आहे. त्यामुळे नायिका म्हणून त्यांचे भवितव्य जवळजवळ त्या एका क्षणातच संपले.

या घटनेचे स्वरूप समजण्यासाठी हॉलिवूडमधील एका समकालीन घटनेकडे पाहता येते. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटात दुष्ट चेटकिणीची भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन या पूर्वी बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. धूर आणि ज्वाळा यांच्या लोटात चेटकीण अदृश्य होते, असा प्रसंग चित्रित करताना त्यांचा चेहरा आणि हात भाजले, आणि चेहऱ्यावरील हिरव्या रंगात तांब्याचा अंश असल्याने जखम अधिकच धोकादायक ठरली. काही आठवड्यांनी त्या कामावर परतल्या, मात्र आगीचे काम पुन्हा करणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. आयुष्यभर लहान मुले त्यांना घाबरत राहिली, आणि उतारवयात एका बालकार्यक्रमात येऊन त्यांना मुलांना समजावावे लागले की चेटकीण हे फक्त एक सोंग होते. दोन्ही अभिनेत्रींच्या बाबतीत प्रेक्षकाने सोंगालाच माणूस मानले. फरक एवढाच की हॅमिल्टन यांची दुखापत भूमिकेतून आली, तर ललिताबाईंच्या बाबतीत भूमिका दुखापतीतून आल्या. बारीक झालेल्या डोळ्याला चित्रपटसृष्टीने कावेबाजपणाचे चिन्ह ठरवले आणि एका जखमी स्त्रीच्या चेहऱ्यातून दुष्टपणाचा साचा घडवला. यात जो अन्याय होता तो स्पष्टपणे नोंदवायलाच हवा.

मात्र या साच्याचा पहिला मोठा आविष्कार अन्यायापेक्षा फार वेगळ्या पातळीवरचा होता. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात त्यांनी आनंदीबाईची भूमिका केली. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून, त्याबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची आनंदीबाईंविषयीची आख्यायिका, हे सारे मराठी प्रेक्षकाच्या रक्तात भिनलेले असल्याने या भूमिकेत शत्रुत्व आधीच तयार होते. रामशास्त्रींच्या भूमिकेत गजानन जागीरदारांसारखा संयमी नट समोर असताना ललिताबाईंनी ही स्त्री आरडाओरडा करणारी न रंगवता महत्त्वाकांक्षेने पेटलेली आणि आपल्या नवऱ्याच्या दुबळेपणावर मनातून चिडलेली रंगवली. नायिकापद गेल्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी मराठी इतिहासातील सर्वांत बदनाम स्त्री पूर्ण आत्मविश्वासाने उभी केली, यावरून त्यांच्या मनाची घडण लक्षात येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रभात आणि बॉम्बे टॉकीज यांसारख्या कंपन्यांची, जिथे नटांना महिन्याचा पगार मिळे, व्यवस्था मोडकळीस आली आणि नट स्वतंत्रपणे, चित्रपटागणिक करार करून काम करू लागले. नायकाचे मानधन त्यामुळे आकाशाला भिडले. चरित्र अभिनेत्यांपुढे मात्र एकाच दिवशी निरनिराळ्या स्टुडिओंतील पाळ्या, म्हणजे ठरावीक तासांच्या चित्रीकरणाच्या ‘शिफ्ट’, गाठण्याचा मार्ग उरला. अशा धावपळीत नटाला प्रत्येक पात्राचा नव्याने विचार करण्यास वेळ मिळत नाही, म्हणून निर्माते त्याला एकाच ठशाच्या भूमिका देत राहतात आणि प्रेक्षकही तो ठसा पाहिल्याबरोबर पात्र ओळखतो. सासूचा ठसा ललिताबाईंना चिकटला तो व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) या चित्रपटापासून. हुंड्यासाठी सुनेला छळणारी, घराबाहेर काढणारी आणि मुलाचे दुसरे लग्न लावू पाहणारी सासू त्यांनी इतक्या निष्ठुरतेने साकारली, की चित्रपटाच्या शेवटी हुंड्याचे सामान घेऊन आलेल्या वडिलांना मरणपंथाला लागलेली लेक सारे आणले पण कफन तेवढे विसरलात, असे म्हणते, तेव्हा प्रेक्षकाचा सारा संताप त्या सासूवर केंद्रित होतो. हुंडाबंदीचा कायदा देशाला मिळण्यास त्यानंतर अकरा वर्षे लागली. लोकसभा आणि राज्यसभा यांचे एकमत न झाल्याने मे १९६१ मध्ये दिल्लीत दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली, आणि भारतीय संसदेच्या इतिहासातील ती पहिलीच संयुक्त बैठक होती.

‘दहेज’नंतर दोनच वर्षांनी ‘दाग’ (१९५२) या चित्रपटात त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. मातीची खेळणी करून विकणाऱ्या आणि दारूच्या आहारी गेलेल्या मुलाची ही गरीब विधवा आई सोशिक आहे, प्रेमळ आहे, आणि मुलाला सावरता सावरता खचत जाणारी आहे. दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा केवळ सहा वर्षांनी लहान होते. ‘दहेज’ आणि ‘दाग’ हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : चेहरा तोच, बारीक डोळाही तोच, पण ‘दहेज’मध्ये जो डोळा हिशेब करतो तोच ‘दाग’मध्ये रडून थकलेला दिसतो. कृष्णधवल चित्रीकरणात एका बाजूने पडणारा प्रकाश चेहऱ्याच्या दोन भागांत आपोआप भेद निर्माण करतो, आणि ललिताबाईंच्या चेहऱ्यातील मुळातलाच भेद त्यामुळे अधिक बोलका होई. मान किती वळवायची, पदर कोणत्या बाजूने ओढून घ्यायचा, बोलताना हनुवटी कधी वर करायची, याची जाण त्यांच्या कामात सतत दिसते. दुखापतीला त्यांनी अभिनयाचे साधन बनवले.

सासूचा हा साचा एवढा चालला, याचे कारण केवळ त्यांच्या अभिनयात नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत एकत्र कुटुंब मोडत होते आणि नोकरीसाठी तरुण जोडपी गाव सोडून शहरांत येत होती. दिल्लीत झाशीच्या राणीचे नाव घेतलेले लक्ष्मीबाई नगर, शेजारचे सरोजिनी नगर आणि किडवई नगर अशा, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या वसाहतींच्या छोट्या सरकारी क्वार्टरांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे नव्याने संसार थाटत होती. अशा घरांत सासू कधी पाहुणी म्हणून येई, कधी कायमची राहायला येई, आणि कोणाच्या हाती घराच्या किल्ल्या राहायच्या, हा प्रश्न रोजच्या स्वयंपाकापासून मुलांच्या शाळेपर्यंत साऱ्यात डोकावत असे. हिंदी चित्रपटाने हा ताण कुटुंबव्यवस्थेचा प्रश्न म्हणून न मांडता एका स्त्रीच्या वाईट स्वभावाचा प्रश्न म्हणून मांडला, कारण तसे केले की तीन तासांत त्याचा निकाल लावता येतो : सासूला पश्चात्ताप होतो आणि घर पुन्हा एक होते. ललिता पवार यांच्या माथी आलेल्या बहुसंख्य भूमिका या सोयीतून जन्मल्या, आणि त्यातील कित्येक अगदी ठोकळेबाज होत्या, हे मान्य करण्यात त्यांच्या मोठेपणाला कसलाही उणेपणा येत नाही.

गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये हा साचा वेगळ्या वेषात येतो. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला त्याच १९५५ साली आलेल्या या चित्रपटात त्या सीतादेवी नावाच्या, पुरुषांवर अविश्वास असलेल्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आत्याच्या भूमिकेत आहेत. वारसा मिळावा म्हणून भाचीचे कागदोपत्री लग्न लावून लगेच घटस्फोट घडवण्याचा त्यांचा बेत कथेचा कणा आहे. चित्रपट स्त्रीहक्काच्या चळवळीवर अन्याय करतो आणि तिची टिंगल करतो. परंतु ललिताबाईंनी सीतादेवींचा ताठ कणा आणि वादविवादातील धार अशी राखली आहे, की पटकथेचा कल विरुद्ध असूनही त्यांच्या बोलण्यातील तर्क ऐकावासा वाटतो. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’तील (१९५९) विटाळ मानणारी बुआजी ही याच जातीची, पण अधिक खोल भूमिका आहे, तिथे क्रूरपणा व्यक्तीचा नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढीचा आहे, हे त्यांनी स्वराच्या सहजतेतून दाखवले आहे.

त्यांच्या अभिनयाचे खरे सामर्थ्य मात्र कठोरपणाच्या आत वात्सल्य दडलेले असते तेथे दिसते, आणि या दृष्टीने राज कपूरबरोबरचे त्यांचे दोन चित्रपट विशेष महत्त्वाचे आहेत. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. नुकताच शहरात आलेला भोळा राज भाव विचारतो, त्या दोन आण्याला तीन केळी सांगतात, आणि तो घासाघीस करण्याच्या आविर्भावात तीन आण्याला दोन मागतो. या उलट्या सौद्यावर त्या क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहतात आणि मग मोकळेपणी हसतात. त्या क्षणभराच्या पाहण्यात रस्त्यावर माल विकून पोट भरणाऱ्या बाईचा व्यवहारी संशय आहे, आणि हसण्यात या पोराला ही मुंबई गिळून टाकील याची काळजी आहे. पुढे गंगामाई त्याची आईच होते, आणि त्या नात्याची सुरुवात या एका छोट्या प्रसंगात पुरेपूर पटलेली असते.

चार वर्षांनी हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (१९५९) या चित्रपटातील मिसेस डिसा या ख्रिस्ती घरमालकिणीने त्यांना फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला. भाडे थकलेल्या चित्रकार राजला ही बाई दिवसभर फैलावर घेते, त्याच्या भोळेपणावर चिडते, आणि तो उपाशी तर नाही ना, याचीच मनातून चिंता करते. आपले प्रेम उघडे पडू नये म्हणून ती रागावते, हे ललिताबाईंनी संवादांपेक्षा हालचालींतून दाखवले आहे. तिचे बोलणे तोडून टाकणारे आहे, पण हात मात्र सतत काहीतरी देण्यात गुंतलेले आहेत. ज्या शेठ रामनाथची कंपनी भेसळीचे औषध बाजारात आणते, त्याच कंपनीच्या औषधाने मिसेस डिसांचा मृत्यू होतो आणि त्यांच्या खुनाचा आळ राजवर येतो. चित्रपटातील सारा नैतिक रोष या एका मृत्यूवर उभा आहे. शेठच्या भूमिकेतील मोतीलाल यांचा अपराधी भावही प्रेक्षकाला भिडतो तो मिसेस डिसांना प्रेक्षकाने आपले मानलेले असल्यामुळेच. चरित्रभूमिका कथेचा तोल कसा सांभाळते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण हिंदी चित्रपटात शोधणे अवघड आहे. हृषीकेश मुखर्जींना हे पात्र इतके प्रिय होते, की ‘आनंद’ (१९७१) मध्ये शिस्तप्रिय मेट्रनच्या भूमिकेत ललिताबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांचे नाव डिसाच राहिले. मधल्या काळात, १९६१ मध्ये, मुखर्जींनी ‘मेम दीदी’ हा चित्रपट काढला, आणि त्यात चाळीस ओलांडलेल्या ललिता पवार शीर्षकभूमिकेत होत्या, तर त्यांच्याबरोबर डेव्हिड आणि जयंत हे दोन चरित्र अभिनेते प्रमुख भूमिकांत होते. चरित्र नटांच्या खांद्यावर अख्खा चित्रपट टाकण्याचे हे धाडस त्या काळात दुर्मीळ होते. त्याच वर्षासाठी दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीने अभिनयाबद्दल ललिताबाईंना आपला पुरस्कार दिला.

‘प्रोफेसर’ (१९६२) हा चित्रपट शम्मी कपूरच्या खोडकर विनोदासाठी लक्षात ठेवला जातो, तरी त्यातील सर्वांत धीट भूमिका ललिता पवार यांचीच आहे. दोन तरुण भाच्यांवर करडी नजर ठेवणारी, आयुष्य कर्तव्यात घालवलेली प्रौढ स्त्री, म्हाताऱ्याच्या वेषातील शिक्षकावर भाळते. तो म्हातारा नसून तरुण सोंगाड्या आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने प्रसंग विनोदी होतात. पण आपल्यावरही कोणी प्रेम करू शकते या जाणिवेने हळूहळू मऊ होत जाणारी ही स्त्री त्यांनी हास्यास्पद होऊ दिली नाही. ज्या अभिनेत्रीचे नायिकापद वयाच्या सव्विसाव्या वर्षी हिरावले गेले, तिने विसाव्या वर्षी न मिळालेल्या प्रेमाची ही उशिराची पालवी किती जपून रंगवली आहे, हे पाहताना मन हेलावते.

सत्तरच्या दशकानंतर मोठ्या भूमिका कमी झाल्या, तरी काम थांबले नाही. मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत सात दशकांत त्यांनी सातशेच्या आसपास चित्रपटांत काम केल्याचे सांगितले जाते. २५ जानेवारी १९८७ पासून दिल्ली दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका रविवारी सकाळी दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा म्हणून देशापुढे आल्या. मूकपट काय, ‘श्री ४२०’ काय, यांतले काहीही न पाहिलेली पिढी आता त्यांना ओळखू लागली. सरकारी वसाहतींत अनेक घरांची माणसे एका दूरचित्रवाणी संचासमोर गोळा होत, आणि कैकेयीच्या कानाशी लागणारी ती वाकलेली दासी दिसताच मुले-माणसे सारखीच खवळून उठत. या भूमिकेतही त्यांनी एक बारकावा राखला आहे : मंथरा जे सुचवते ते तिला खरोखर कैकेयीच्या हिताचे वाटते, तिच्या बोलण्यात मालकिणीविषयीची चिंता आहे, आणि म्हणूनच कैकेयीचे हळूहळू फिरणे पटते.

कर्करोगाने ग्रासल्यावर ललिताबाईंनी शेवटचा काळ पुण्यात काढला, आणि २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंध येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, त्या वेळी कोट्यवधी प्रेक्षकांनी मंथरेला पुन्हा दूषणे दिली. ‘दुनिया क्या है’ची निर्माती, ‘रामशास्त्री’ची आनंदीबाई आणि ‘अनाडी’ची मिसेस डिसा हीच स्त्री होती, याची त्यांतील बहुतेकांना कल्पना नव्हती.